फ्यूज उडणे व विद्युत दोषशोधन (जुन्या मोटारींतील)

मोटारीच्या विद्युत मंडलात मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला की स्वतः वितळून मंडल तोडणारी तार किंवा पट्टी म्हणजे फ्यूज. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो, दिव्याच्या किंवा मोटरीच्या नव्हे. म्हणून १० अँपिअरचा फ्यूज वारंवार जातो म्हणून तिथे ३०चा बसवला, किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला, तर दोष जातच नाही. फक्त आता फ्यूजऐवजी वायर वितळते. ती जुडग्यात असल्यामुळे शेजारच्या चार वायरींचे आवरणही सोबत जाते आणि पाच रुपयांचे काम संपूर्ण वायरिंगवर येते.

प्रकार : अँबॅसडरसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत काचेचे, फियाट-पद्मिनीत चिनी मातीच्या कांडीवर बाहेरून पट्टी असलेले (पांढरा ८, लाल १६ अँपिअर), तर मारुती ८००च्या पिढीपासून पात्याचे फ्यूज आढळतात. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा. काचेच्या ब्रिटिश फ्यूजवरचा आकडा फसवा असतो. त्यावर छापलेले ३५ म्हणजे तो ज्या प्रवाहाला उडतो तो आकडा. सतत पेलण्याची क्षमता सुमारे १७ अँपिअर. बाजारात मिळणाऱ्या इतर काचेच्या फ्यूजवर सतत पेलण्याचा आकडा असतो. ‘३५ला ३५’ असे बघून बदल केला की संरक्षण निम्म्यावर येते. तिथे १५ किंवा फार तर २०चा घालावा.

उडालेला फ्यूज वाचणे : काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर थेट शॉर्ट, म्हणजे वायर उघडी पडून बॉडीला लागलेली. तार मधोमध शांतपणे वितळली असेल तर भार हळूहळू वाढला होता, उदा., जाम झालेली वायपरची मोटर. पट्टी टोकाशी वितळली असेल तर बहुधा शॉर्ट नसतोच. पकडीचा स्प्रिंग सैल पडून तिथे उष्णता साचलेली असते. पद्मिनीत हे नेहमीचे आहे. पकड बारीक पॉलिश पेपरने घासून किंचित आत वाकवावी, मग नवा फ्यूज घालावा.

फ्यूज केव्हा उडतो हे त्याहून महत्त्वाचे. किल्ली बंद असतानाच उडाला तर बॅटरीतून कायम येणारी वायर बॉडीला लागली आहे. ब्रेक दाबताच उडाला तर ब्रेक स्विचपासून मागच्या दिव्यापर्यंतच बघायचे. रिव्हर्स गिअर टाकताच उडाला तर गिअरबॉक्सजवळची, तेलाने मऊ झालेली वायर. खड्ड्यात किंवा वळणावर उडाला तर डिकीच्या बिजागरीजवळ, दाराच्या खाचेत किंवा इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकात, जिथे रबरी बूच कडक होऊन पडून गेलेले असते.

शॉर्टचा शोध : एकेक फ्यूज घालून जाळत बसण्यापेक्षा त्याच्या जागी १२ व्होल्ट, २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब जोडावा. शॉर्ट कितीही मोठा असला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जात नाही, म्हणून वायर सुरक्षित राहते. त्या मंडलातली सगळी उपकरणे बंद ठेवूनही बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट स्विचच्या अलीकडे आहे. आता एकेक जोड सोडायचा, जुडगी हलवायची. ज्या क्षणी बल्ब विझतो ती फांदी दोषी. स्विच चालू केल्यावरच पेटत असेल तर त्या फांदीवरचे बल्ब काढून हीच रीत पुढे वापरावी. मल्टीमीटरपेक्षा हा बल्ब अधिक कामाचा, कारण हात गाडीखाली असतानाही तो दिसतो.

अर्थचा दोष : जुन्या गाडीत प्रवाहाचा परतीचा मार्ग, म्हणजे अर्थ, हा बॉडीचा पत्रा असतो, आणि पत्रा गंजतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद उजळणे, हॉर्न वाजवताना दिवे उतरणे अशी विचित्र लक्षणे दिसली की फ्यूजकडे न जाता अर्थ तपासावा. दिवा पेटता ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि होल्डरचे धातूचे अंग यांच्यात मीटर लावावा, ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५च्या वर असेल तर स्क्रू काढून रंग खरवडावा. १९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोकच बॉडीला जोडलेले असते. तिथे आधुनिक स्टिरिओ नेहमीसारखा जोडला की तो लगेच जळतो.

वडोदऱ्यातील परिस्थिती : विश्वामित्री नदीच्या २०१९ व २०२४च्या पुरांत कारेलीबाग, समा, अकोटा, फतेगंज या भागांत पाणी शिरले. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची किल्ली फिरवू नये. पहिल्यांदा बॅटरीचे ऋण टोक सोडावे, कारण ओल्या जोडावर व्होल्टेज असले की तांबे झपाट्याने झिजते. मग जोड स्वच्छ पाण्याने धुऊन गाळ काढावा, वाळवावेत, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. खरा त्रास नंतर सुरू होतो : पाणी आवरणाच्या आत तारांमधून वर चढते आणि काही आठवड्यांनी हिरवा गंज धरतो. टोक कापून बघावे. लखलखीत तांबे दिसेपर्यंत मागे कापत जावे. काळपट तारेवर सोल्डरचा डाग धरत नाही, आणि टेप गुंडाळून ती झाकणे म्हणजे पुढच्या पावसाळ्याची सोय. पहिल्या पावसात वायपरचा फ्यूज जाण्याचे कारण मात्र बहुतेकदा साधे असते : उन्हाळ्यात रबर कडक आणि सांधे कोरडे झालेले असतात. ग्रीस लावले की पुरते.

दांडिया बाजार, रावपुरा इथल्या वाड्यांपुढे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी सापडतात. सीएनजी किट नंतर बसवलेल्या गाडीत किटची वायर इग्निशन कॉइलच्या धन टोकावरून ओरबाडून घेतलेली असेल तर ती आधी तपासावी. त्याआधी सिलिंडरची झडप बंद करावी. १००/९० वॅटचे हेडलाइट बल्ब लावले असतील तर अप्परवर सुमारे १७ अँपिअर स्विचमधून जातात. तो वितळण्याआधी रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घालावा : त्याच्या ३० क्रमांकाच्या टोकावर बॅटरीची वायर, ८७वर दिवा, ८५-८६वर स्विच आणि अर्थ, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात.

बॅटरी उतरणे : फ्यूज शाबूत आणि तरी सकाळी बॅटरी उतरलेली असेल, तर सगळे बंद करून ऋण टोक व केबल यांच्यामध्ये १० अँपिअरच्या रेंजवर मीटर जोडावा. या स्थितीत स्टार्टर मारू नये, मीटर जळतो. ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त गळती दिसली तर एकेक फ्यूज काढत जावे. सगळे काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून पाहावी. त्यातला गळणारा डायोड कुठल्याच फ्यूजमागे नसतो.