हेकरू ओळखून घ्या, फार मोठा मागू नका

ग्राहक बंधू-भगिनींनो,

माघात आमच्या एका जुन्या ग्राहकांनी मुलाच्या लग्नानंतरच्या जेवणासाठी एकच मोठा हेकरू (ग्रूपर मासा) मागितला. बंदरावरून फोटो आला. मासा माणसाएवढा लांब, रंग राखाडी-हिरवट, त्यावर फिकट डाग, डोळे अंगाच्या मानाने बारीक आणि सगळ्या परांवर काळे ठिपके. आम्ही तो घेतला नाही. काका नाराज झाले. का घेतला नाही, हे सगळ्यांनाच सांगायला हवं असं वाटलं, म्हणून हे पत्रक.

तो महाकाय हेकरू होता. शास्त्रीय नाव एपिनेफेलस लॅन्सिओलाटस. प्रवाळखडकांवर राहणाऱ्या हाडांच्या सांगाड्याच्या माशांत याच्याएवढा मोठा दुसरा नाही. लांबी 270 सेंटिमीटर आणि वजन 400 किलोपर्यंत जातं. बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो सस्तन प्राणी. हा मात्र कल्ल्यांनी श्वास घेणारा खरा मासा. कपारीत दबा धरून बसतो आणि शेवंड, खेकडे, मासे, कधी लहान मुशीसुद्धा जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो. चावत बसत नाही, अख्खं गिळतो. भारतात 2001 साली त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घातलं. तेव्हा तो पकडणं आणि विकणं गुन्हा आहे, मग गिऱ्हाईक कितीही जवळचं असो. याचं पिल्लू पिवळंधमक असतं, अंगावर वेडेवाकडे काळे पट्टे. काचेच्या टाकीत ठेवायला कुणी असं पिल्लू देऊ केलं तर कृपा करून घेऊ नका.

मग आमच्याकडे मिळतो तो कोणता? बहुतेक वेळा दोन जाती. एक लहान, अंगावर पाच उभे काळपट पट्टे, शेवटचा पट्टा शेपटीच्या देठावर. हा अर्ध्या मीटरच्या आसपासच थांबतो. दुसरा ठिपक्यांचा: डोक्यावर आणि अंगावर विटकरी-नारिंगी ठिपके. बर्फात ते फिके पडतात, म्हणून मासा उजेडात धरून बघा. काहीजण याला गोब्रा म्हणतात. दोन्ही जातींत शेपूट गोलसर असते आणि कल्ल्याच्या झाकणाच्या कडेला तीन चपटे काटे असतात. बोट मागून पुढे फिरवलंत तर टोचतील, म्हणून साफ करताना आम्ही ते आधी कापतो. पाठीच्या परात अकरा ताठ काटे मोजता येतात. कापलेल्या तुकड्यांवरून मात्र जात ओळखणं कठीण, म्हणून आम्ही हेकरू अख्खा दाखवूनच कापतो.

ठिपक्यांचा हेकरूही आम्ही साधारण दीड ते तीन किलोचाच आणतो. याला कारण आहे. हा मासा मादी म्हणून वाढतो. 25 ते 30 सेंटिमीटरला अंडी घालायला लागतो आणि पुढे 55 ते 75 सेंटिमीटरच्या दरम्यान त्याच मादीचा नर होतो. म्हणजे बाजारातले सगळ्यात मोठे हेकरू उचलले की खडकावरचे नरच संपतात. अगदी लहान उचलले तर त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. आम्ही मधला घेतो. थोडा महाग पडतो, पण याच धंद्यावर आमचं घर चालतं, आणि पुढच्या पिढीलाही हेकरू मिळावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

तब्येतीचाही प्रश्न आहे. प्रवाळखडकांवरच्या शेवाळात काही सूक्ष्म जीव विष तयार करतात. ते शेवाळ खाणाऱ्या माशांत जातं, त्यांना खाणाऱ्यांत जातं आणि मोठ्या, म्हाताऱ्या शिकारी माशात साठत राहतं. त्याला वास नाही, चव नाही. शिजवून, तळून किंवा गोठवून ते जात नाही. उलट्या-जुलाब, हातापायाला मुंग्या, थंड पाणी भाजल्यासारखं लागणं ही लक्षणं दिसली तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि कोणता मासा खाल्ला ते सांगा.

आमचा माल वेरावळ आणि पोरबंदरकडून येतो. जामनगरजवळच्या प्रवाळबेटांभोवती 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला मासा आम्ही घेत नाही.

जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागली की ताजा हेकरू नसतो, तेव्हा आग्रह करू नये. एरवी आदल्या संध्याकाळपर्यंत सांगा, आणि कालवणासाठी डोकं हवं असेल तर तेही तेव्हाच सांगा, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला जातं.