गेमसाठी मागून घेतलेले अ‍ॅसेट: परवानगीपत्र, कॉपीराइट नोंदणी आणि तक्रारीची प्रक्रिया

दोघातिघांनी मिळून गेम करायचा म्हटलं की कुणाचा तरी टाइलसेट (जोडून दृश्य उभं करायच्या चित्रतुकड्यांचा संच), कुणाचं पार्श्वसंगीत, कुणाची शेडरची (प्रकाश-रंगाचा परिणाम देणाऱ्या कोडची) फाइल मागून घेतली जाते. अशा तयार फाइलींनाच अ‍ॅसेट म्हणतात. ‘वापर रे, बिनधास्त’ एवढंच चॅटवर लिहिलेलं असतं. पुढे गेम स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, विकायला लागतो आणि मग प्रश्न येतो, त्या बिनधास्तमध्ये विक्रीसुद्धा होती का? अशा वादात सापडलेले बहुतेक जण थेट नोंदणीच्या मागे धावतात. नोंदणी उपयोगी आहेच, पण माझ्या मते पहिला कागद परवानगीपत्राचा असायला हवा. म्हणून इथे तोच क्रम ठेवला आहे.

हक्क मुळात कोणाचा

चित्र काढलं, चाल बांधली, कोड लिहिला की त्याच वेळी कॉपीराइट निर्माण होतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसली तरी दावा लावता येतो. संरक्षण मिळतं ते प्रत्यक्ष आविष्काराला, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे दुहेरी उडी, पत्ते जमवून लढण्याची पद्धत, शेती करत गाव वाढवण्याची रचना यांवर कुणाचीही मक्तेदारी नाही. ‘माझ्या गेमसारखाच गेम काढला’ ही तक्रार इथेच थांबते. ‘माझी स्प्राइट शीट (पात्रांच्या चित्रांचा तक्ता) फक्त रंग बदलून वापरली’ ही तक्रार मात्र उभी राहते.

पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. फ्रीलान्स कामाचं तसं नाही. पैसे दिले म्हणून संगीत, कथा किंवा कोड आपोआप तुमच्या मालकीचा होत नाही, तो निर्मात्याकडेच राहतो. मोबदला देऊन करून घेतलेलं पेंटिंग, व्यक्तिचित्र आणि छायाचित्र यांच्यासाठी कायद्यात अपवाद आहे, तिथे काम सांगणारा पहिला मालक ठरतो. पिक्सेल आर्ट किंवा थ्रीडी मॉडेल त्या अपवादात बसतं का, यावर वकील तासभर भांडू शकतील. त्यापेक्षा दोन ओळी लिहून घ्याव्यात.

परवानगीपत्रात काय हवं

परवाना लेखी असावा, असं कायद्याचं कलम ३० सांगतं. मालकीच द्यायची असेल, म्हणजे हस्तांतर करायचं असेल, तर कलम १९ नुसार लेखी दस्त आणि देणाऱ्याची सही दोन्ही लागतात. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला काय, हे लिहावं लागतं.

आता कलम १९ मधल्या तीन गोष्टी नीट वाचा, कारण स्वतंत्र गेम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्याच नडतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर परवानगी फक्त भारतापुरती धरली जाते. आणि मिळालेले हक्क वर्षभरात वापरलेच नाहीत, तर वेगळं ठरलेलं नसल्यास ते संपले असं मानलं जातं. कलम ३०-अ मुळे हे नियम आवश्यक त्या फेरफारासह परवान्यालाही लागू होतात. छोट्या टीमचा गेम तयार व्हायला दोनतीन वर्षं सहज लागतात, विक्री पहिल्या दिवसापासून जगभर असते आणि गेम पाच वर्षांनंतरही दुकानात असतो. म्हणजे चांगल्या मनाने दिलेली, पण मोघम लिहिलेली परवानगी तिन्ही बाजूंनी तोकडी पडू शकते.

मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘सोबतच्या यादीतील चौदा फाइलींचा मी निर्माता व कॉपीराइटधारक आहे. या फाइली अमुक गेममध्ये, त्याच्या पुढील आवृत्त्यांत आणि जाहिरातीत, सर्व प्लॅटफॉर्मवर, जगभर, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, व्यावसायिक विक्रीसह वापरण्याचा आणि गरजेनुसार त्यांत बदल करण्याचा परवाना मी अमुक यांना देत आहे. परवाना अनन्य नाही, मी या फाइली इतरांनाही देऊ शकतो. एका वर्षात वापर सुरू झाला नाही तरी परवाना चालू राहील. मूळ फाइली सुट्या विकता किंवा तिसऱ्या व्यक्तीला देता येणार नाहीत. श्रेयनामावलीत माझं नाव असं येईल. मोबदला: इतके रुपये.’

मोबदला नसेल तर ‘मोबदला नाही’ असं स्पष्ट लिहा, जागा कोरी सोडू नका. फाइलींची यादी नावानिशी जोडा. ‘टाइलसेट’ एवढाच शब्द असला की वाद नेमका पंधराव्या फाइलीवरून होतो. एक वाक्य मी नेहमी आग्रहाने घालायला सांगते, ते श्रेयाचं. आपलं नाव कुठेच नाही, हे गेम संपल्यावरच्या पडद्यावर कळलं की चिडलेला कलाकार पैशाच्या वादापेक्षा जास्त पेटतो, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. निर्माता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कलम ५७ ने त्याला दिलेला आहे, हक्क विकल्यानंतरसुद्धा.

हे सगळं जुन्या कामाबाबत राहून गेलं असेल तर चॅट आणि ईमेल जपून ठेवा. फक्त स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ओळखक्रमांक) नोंदवावं लागतं. म्हणून मूळ संभाषण ज्या फोनवर किंवा संगणकावर आहे तिथून पुसू नका. लेयर असलेल्या मूळ फाइली आणि गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा, इतिहास यांचंही तेच.

मोफत मिळालेले अ‍ॅसेट

असे अ‍ॅसेट बहुधा सीसी, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, या खुल्या परवान्यांखाली असतात. सीसी-झिरो असेल तर श्रेय देण्याचीही अट नाही. सीसी-बाय मध्ये श्रेय आणि परवान्याचा उल्लेख हवा, सीसी-बाय-एसए मध्ये तुम्ही बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं, आणि एनसी (व्यावसायिक वापर नाही) असेल तर तो अ‍ॅसेट विक्रीच्या गेममध्ये घालूच नका. ओपनगेमआर्ट या मोफत अ‍ॅसेटच्या संकेतस्थळावरचे लिबरेटेड पिक्सेल कप या २०१२ च्या स्पर्धेतले स्प्राइट अनेकांच्या पहिल्या गेममध्ये असतात. ते सीसी-बाय-एसए ३.० आणि जीपीएल ३ (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) या परवान्यांखाली आहेत, आणि एका पात्राचे केस, कपडे, शरीर वेगवेगळ्या कलाकारांचे असतात. श्रेय त्या प्रत्येकाला द्यायचं असतं, संग्रहाचं नुसतं नाव लिहून भागत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० आवृत्तीत एक सोय आहे: अट मोडल्याचं लक्षात आल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केली की हक्क आपोआप पूर्ववत होतात. तक्रार आली तर सगळ्यात आधी हे तपासा. निम्मी भांडणं श्रेयनामावलीची एक ओळ सुधारून मिटू शकतात.

नोंदणी: पात्रता, शुल्क, कागद

कृतीचा निर्माता, प्रकाशक, मालक किंवा तिच्या कॉपीराइटमध्ये हितसंबंध असलेली व्यक्ती अर्ज करू शकते. गेम प्रसिद्ध झालेला असो वा नसो, चालतं. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. कार्यालय नवी दिल्लीत द्वारका इथल्या बौद्धिक संपदा भवनात आहे, पण त्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही.

‘गेम’ असा वेगळा वर्ग नाही. म्हणून गेमचे भाग पाडावे लागतात. कोड हा संगणक प्रोग्राम म्हणून साहित्यकृतीत जातो. स्प्राइट, पार्श्वभूमी, पात्रांची चित्रं कलाकृतीत. चाल संगीतकृतीत आणि तिचं ध्वनिमुद्रण वेगळ्या वर्गात. एका अर्जात एकच कृती, त्यामुळे सगळंच नोंदवायला गेलात तर खर्च फुगतो. साहित्य, संगीत आणि कलाकृतीला प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,००० आणि चलचित्राला ५,००० रुपये. वस्तूंवर वापरली जाणारी कलाकृती असेल, म्हणजे गेमचा लोगो किंवा टीशर्टवर छापायचं पात्र, तर २,००० रुपये आणि त्यासोबत ट्रेडमार्क निबंधकांचं शोध प्रमाणपत्र लागतं. गेमच्या नावाला कॉपीराइट नाही, नाव ट्रेडमार्कखाली नोंदवायचं. माझा सल्ला असा की कोड, मुख्य पात्राची शीट आणि शीर्षकसंगीत एवढंच आधी नोंदवा. उचलेगिरी होते ती प्रामुख्याने याच तिघांची.

कागद असे: चौदा क्रमांकाचा नमुना, त्यासोबतची दोन विवरणपत्रं, कृतीच्या प्रती, अर्जदार आणि निर्माता वेगळे असतील तर निर्मात्याचं ना-हरकत पत्र किंवा हस्तांतराचा दस्त, प्रकाशक वेगळा असेल तर त्याचंही ना-हरकत पत्र, आणि वकिलामार्फत अर्ज असेल तर मुखत्यारपत्र. कोडसाठी २०२१ च्या दुरुस्तीनंतर सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यावी लागतात, एकूण वीसपेक्षा कमी पानं असतील तर सगळा कोड. त्यातला कुठलाही भाग झाकता किंवा काळा करता येत नाही. म्हणून पासवर्ड आणि एपीआय की (बाहेरच्या सेवा वापरण्याच्या गुप्त किल्ल्या) आधीच कोडमधून बाहेर काढून ठेवा.

आता विवरणपत्र जरा जवळून पाहू. समजा कोल्हापूरच्या मुलीने काढलेल्या किल्ल्याच्या टाइलसेटवर बदल करून नाशिकच्या डेव्हलपरने स्वतःची शीट केली आणि तो ती नोंदवतो आहे. पहिल्या विवरणपत्रात ‘अर्जदाराच्या हितसंबंधाचं स्वरूप’ या रकान्यात तो ‘निर्माता’ लिहील, ‘मालक आणि प्रत्येकाच्या हक्काची व्याप्ती’ या रकान्यात मात्र त्याला थांबावं लागेल, कारण मूळ टाइल तिच्या आहेत. खरी परीक्षा दुसऱ्या विवरणपत्रात होते. तिथे विचारलेलं असतं की कृती स्वतंत्र आहे की कॉपीराइट असलेल्या दुसऱ्या कृतीचं रूपांतर आहे, आणि रूपांतर असेल तर मूळ कृती कोणाची, परवानगी कशी मिळाली. त्याने ‘स्वतंत्र’ लिहिलं तर ते खोटं विधान होतं. आणि नोंदवहीत खोटी नोंद करणं किंवा करवणं, याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. वर लिहिलेलं परवानगीपत्र हातात असेल तर हाच रकाना दोन मिनिटांत भरून होतो.

शुल्क भरलं की डायरी क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे नोंदणी नव्हे, फक्त अर्ज पोचल्याची खूण. कृतीवर हक्क सांगणाऱ्या किंवा तुमच्या हक्काला हरकत असलेल्या प्रत्येकाला अर्जाची सूचना पाठवणं अर्जदाराचं काम असतं. ३० दिवसांत हरकत आली नाही आणि तपशील बरोबर वाटला तर कॉपीराइट निबंधक नोंद करतात. हरकत आली किंवा परीक्षकाने त्रुटी काढली तर पत्र येतं, गरज पडल्यास सुनावणी होते. पत्राला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. निबंधकांच्या अंतिम निर्णयावर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. तुमच्या कामाची नोंदणी दुसऱ्यानेच करून टाकली असेल तर नोंदवही सर्वांना पाहायला खुली असते. नोंदीची प्रमाणित प्रत घेऊन ती नोंद दुरुस्त करून मागता येते.

प्रमाणपत्राचं वजन एवढंच, पण मोठं: नोंदवहीतला तपशील न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. तो खोटा ठरवण्याची जबाबदारी समोरच्यावर येते.

तक्रार कुठे करायची

आधी थेट लिहा: कोणती फाइल, कुठे वापरली, तुम्हाला काय हवं (काढणं, श्रेय की पैसे) आणि किती दिवसांत. धमकीची भाषा टाळा. निराधार धमकीविरुद्ध समोरचाही कलम ६० खाली न्यायालयात जाऊ शकतो.

उत्तर आलं नाही तर प्लॅटफॉर्मला नोटीस. भारतातल्या नियमानुसार, म्हणजे २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे, तक्रारीत कृतीचं वर्णन, मालकीचा पुरावा, ती प्रत बेकायदा का आहे आणि ती नेमकी कुठे आहे हे द्यावं लागतं. शिवाय आपण दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणू अशी हमी द्यावी लागते. प्लॅटफॉर्मने ३६ तासांत प्रवेश बंद करायचा असतो. आदेश आला नाही तर २१ दिवसांनी तो पुन्हा सुरू करू शकतो. म्हणजे नोटीस पाठवण्याआधीच वकिलाशी बोलून ठेवलेलं बरं.

स्टीम, इच डॉट आयओ आणि गुगल प्ले या अमेरिकी कंपन्यांच्या सेवा आहेत. तिथे डीएमसीए या १९९८ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्याची नोटीस चालते आणि भारतीय निर्मात्यालाही ती देता येते. तुमचाच गेम अशा नोटिशीमुळे खाली गेला असेल आणि नोटीस चुकीची असेल तर प्रतिनोटीस द्या. तक्रारदाराने दावा लावला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत गेम परत येतो. पण प्रतिनोटिशीत अमेरिकी संघीय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि विधानं शपथेवर असतात. परवानगीपत्र हाताशी नसताना घाईने ती सही करू नका.

समोरचा अमेरिकेत राहत असेल तर तिथलं कॉपीराइट क्लेम्स बोर्ड, म्हणजे छोटे कॉपीराइट दावे ऐकणारं मंडळ, हा स्वस्त मार्ग आहे. २०२२ पासून ते चालू आहे, भरपाईची मर्यादा ३०,००० डॉलर. त्यासाठी अमेरिकेत नोंदणी किंवा निदान नोंदणीचा अर्ज केलेला लागतो, आणि समोरच्याला ६० दिवसांत त्यातून बाहेर पडण्याची मुभा आहे.

दोघेही इथलेच असतील तर तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, उल्लंघनापासून तीन वर्षांच्या आत. दाव्याचं मूल्य तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. तिथे झालेली तडजोड लेखी होते आणि लवादाच्या निवाड्यासारखी अमलात आणता येते. त्या तडजोडीतही मुदत, प्रदेश आणि फाइलींची यादी लिहून घ्या.