खांद्याचा वरचा सांधा सुटणे : शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन

कॉलर बोनचे बाहेरचे टोक आणि खवाट्याचा वर आलेला कंगोरा जिथे जुळतात, तो खांद्याचा वरचा सांधा. दवाखान्यात सगळे त्याला ‘एसी जॉइंट’च म्हणतात. कॉलर बोनवरून बोट बाहेरच्या बाजूला नेत गेले की खांद्याच्या टोकाच्या जरा अलीकडे लहानसा उंचवटा लागतो, तिथेच तो असतो. दुचाकी किंवा सायकल घसरून, कबड्डीत किंवा कुस्तीत माणूस खांद्याच्या टोकावर आपटला की या सांध्याचे बंध ताणतात किंवा तुटतात आणि सांधा सुटतो. खांदा निखळणे ही वेगळी दुखापत आहे. तिच्यात दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर येतो. दोन्हींची गल्लत फार जुनी असून प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रंथातही वैद्यांना तिच्याबद्दल सावध केले आहे. रोमन साम्राज्याच्या काळातील ग्रीक वैद्य गॅलेन याला तर कुस्ती खेळताना स्वतःलाच ही दुखापत झाली होती.

सांध्याभोवतीचे छोटे अस्थिबंध त्याला पुढेमागे सरकू देत नाहीत. खरा भार मात्र त्याच्या आतल्या बाजूच्या दोन बंधांवर असतो. त्यांतला एक शंकूच्या आकाराचा, तर दुसरा चौकोनी. ते कॉलर बोनला खवाट्याच्या चोचीशी बांधून ठेवतात. हा हाडाचा भाग कावळ्याच्या चोचीसारखा दिसतो आणि त्याचे ग्रीक नावही कावळ्यावरूनच आले आहे. हे दोन बंध तुटले की हाताच्या वजनाने खवाटा खाली ओढला जातो, कॉलर बोन होती तिथेच राहते आणि खांद्यावर टेंगूळ आल्यासारखे दिसते. ते बोटाने दाबले की पेटीच्या पट्टीसारखे खाली जाते, सोडले की वर येते. घरची माणसे घाबरतात ती हे पाहून. पण टेंगूळ दिसले म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागते, हा समज चुकीचा आहे.

उपचार ठरवताना अमेरिकन शल्यचिकित्सक चार्ल्स रॉकवूड यांनी 1984 मध्ये मांडलेले सहा प्रकार आजही आधाराला घेतले जातात. पहिल्या दोन प्रकारांत हात झोळीत ठेवणे, बर्फाचा शेक आणि नंतर व्यायाम एवढे पुरते. चौथ्यात हाड मागच्या स्नायूत घुसलेले असते, पाचव्यात ते फार वर गेलेले असते आणि अतिशय विरळ अशा सहाव्यात ते चोचीखाली अडकते. या तिन्हींत सहसा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. वाद आहे तो तिसऱ्याबद्दल, म्हणजे दोन्ही बंध तुटलेले असतात पण कॉलर बोन पाचव्याइतकी वर गेलेली नसते त्याबद्दल. कॅनडातील अनेक रुग्णालयांनी मिळून 83 रुग्णांवर केलेली चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हूक प्लेट, म्हणजे आकडा असलेली धातूची पट्टी, बसवलेल्यांपेक्षा शस्त्रक्रिया न केलेल्यांचा हात पहिले तीन महिने अधिक चांगला चालला, आणि सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणून तिसऱ्या प्रकारात घाई करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ओझी उचलणारा हमाल, हात सतत डोक्यावर धरून काम करणारा रंगारी किंवा गोलंदाज यांचा विचार अर्थातच वेगळा करावा लागतो.

शस्त्रक्रिया दुखापतीनंतर साधारण तीन आठवड्यांच्या आत केली, तर तुटलेले बंध स्वतः जुळून येण्याची शक्यता जास्त असते. पूर्ण भूल देतात आणि बहुधा मानेजवळ इंजेक्शन देऊन हातही बधिर करतात. त्यामुळे शुद्धीवर आल्यावर काही तास हात आपला वाटतच नाही. हे अपेक्षित असते. कॉलर बोन जागेवर बसवून ती तशीच धरून ठेवायची, एवढेच सर्जनला साधायचे असते. एका पद्धतीत कॉलर बोन आणि चोच यांना बारीक भोके पाडून त्यांतून मजबूत दोरा ओवतात आणि दोन्ही टोकांना धातूच्या छोट्या बटणांनी तो आवळतात. हे काम दुर्बिणीतूनही होते. हूक प्लेट कॉलर बोनवर स्क्रूने बसते आणि तिचा आकडा कंगोऱ्याखाली अडकतो. आकड्याने तिथले हाड झिजत असल्यामुळे ती काही महिन्यांनी काढावी लागते, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया आलीच. होकार देण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. दुखापत जुनी असेल तर मांडीच्या मागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तिचा नवा बंध करतात. पूर्वी सांध्यातून नुसत्या तारा घालत. त्या सरकून छातीपर्यंत पोहोचल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ती पद्धत मागे पडली.

त्यानंतरचे महिने रुग्णाचे. हात चार ते सहा आठवडे झोळीत असतो, पण बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. शर्ट घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. काखेत साबण लावायचा तर कमरेत वाकून हात सैल लोंबकळू द्यावा; फिजिओथेरपीतला लंबकाचा व्यायाम याच स्थितीत करतात. पहिले सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि भरलेली बादली तर उचलायचीच नाही, कारण तिच्या वजनाने खवाटा पुन्हा खाली खेचला जातो. पुढे भिंतीवर बोटे चढवत हात वर नेणे सुरू होते. ताकदीचे व्यायाम साधारण बाराव्या आठवड्यानंतर, आणि अंगमेहनतीचे काम किंवा झटापटीचे खेळ चार ते सहा महिन्यांनी. दुखणे थांबले की हात बरा झाला असे वाटते आणि नेमकी तेव्हाच चूक होते. बंध त्या वेळी अजून कच्चा असतो.

जखमेत पू होणे, दोरा सैल पडणे, भोकाजवळ चोचीचे हाड मोडणे, पुढे सांध्याची झीज होणे, हे धोके असतातच. ताप आला, जखमेतून स्राव वाहू लागला किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी थोडासा उंचवटा परत दिसू शकतो. हात पूर्ण वर जात असेल आणि दुखत नसेल, तर त्याला सहसा हात लावत नाहीत.