वाफसा ओळखणारी बोटं

पहिला दमदार पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवसांनी आमचे नाना शेतात जायचे, काळ्या मातीत चार बोटं खुपसून मूठभर माती काढायचे, मुठीत दाबायचे आणि त्या गोळ्याला अंगठ्यानं हलकंच टोचायचे. गोळा भुगा होऊन मोकळा झाला तर वाफसा आला, पेरायला हरकत नाही, आणि लाडूसारखा नुसताच चपटा झाला तर अजून थांबायचं. मी शेजारी उभा राहून बघायचो तर म्हणायचे, "हात लायीसन देख ना रे पोऱ्या." तेव्हा ते फक्त शेतीबद्दल बोलतायत असं वाटायचं, आता मुलांना घेऊन रावेरच्या वर पाल गावाकडे सातपुड्यात चित्रं काढायला जातो तेव्हा मीही त्यांना तेच सांगतो.

कारण होतं काय, झाडासमोर बसवलं की मुलं झाड बघतच नाहीत, त्यांच्या डोक्यात आधीच एक झाड असतं, तपकिरी खोड आणि वर हिरवा ढग, तेच कागदावर उतरतं. डोळा फार घाईत असतो, नाव कळलं की त्याचं काम संपलं. बोटांना अशी घाई करता येत नाही, त्यांना एकेक इंच चालत जावं लागतं.

बोटं किती बारीक काम करतात ते आधी बघू. एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श ओळखणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू असतात आणि त्यांचे मुख्य चार प्रकार आहेत. काही कडा आणि आकार ओळखतात, काहींना वस्तू हातातून निसटतेय हे कळतं, काहींना कातडी ताणली गेल्याचं कळतं, आणि खोल बसलेले काही जण सेकंदाला दोन-तीनशे वेळा होणारी अगदी बारीक थरथरसुद्धा टिपतात. दोन टोकं एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटरवर टेकवली तरी बोटाच्या शेंड्याला ती दोन आहेत हे समजतं, पाठीवर मात्र त्यासाठी चारेक सेंटिमीटरचं अंतर लागतं. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मुद्दाम सुरकुत्या पाडलेल्या पृष्ठभागांवरून लोकांना बोट फिरवायला लावलं, तर साधारण १३ नॅनोमीटरच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यातला फरकही लोकांना कळला. आपला एक केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे विचार करा!

पण यात एक अट आहे, बोट फिरायला हवं. नुसतं टेकवून ठेवलं तर मोठा खडबडीतपणा कळतो, बारीक पोत कळत नाही, कारण तो सरकताना उठणाऱ्या थरथरीतूनच मेंदूपर्यंत पोचतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कात्झ यांनी १९२५ सालीच हालचाल हा स्पर्शाचा गाभा आहे असं मांडलं होतं. पुढे १९८७ मध्ये सुझन लेडरमन आणि रोबर्टा क्लाट्झकी यांनी डोळे बांधलेल्या लोकांचे हात नीट बघितले तर असं दिसलं की जे शोधायचं त्याप्रमाणे हाताची चाल बदलते, पोतासाठी बोटं मागेपुढे घासली जातात, कडकपणासाठी दाब दिला जातो, वजनासाठी वस्तू तळहातावर तोलली जाते आणि नेमका आकार हवा असेल तर बोट कडेकडेनं फिरतं. मला यातली शेवटची चाल सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण कडेकडेनं फिरणारं बोट म्हणजे रेषाच झाली की! फक्त हातात पेन्सिल द्यायची बाकी असते.

म्हणून आम्ही असं करतो. एकानं डोळे मिटून डाव्या हातानं खोड चाचपायचं आणि त्याच वेळी उजव्या हातानं कागदावर रेघ ओढत जायची, कागदाकडे बघायचं नाही. ऐनाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखे चौकोन असतात तिथे रेघ अडखळते, तुटते. कांडोळाच्या खोडावर, ज्याला लोक भुत्या म्हणतात, पांढरी गुळगुळीत साल कागदासारखी सुटत असते, तिथे रेघ लांब आणि हलकी येते. चित्र झाडासारखं दिसत नाही पण दोन झाडांची दोन चित्रं शेजारी ठेवली की कुठलं कुणाचं ते दुसऱ्या मुलांना ओळखता येतं. मला तरी हे नक्कल काढण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत कळते. दगड नेहमी थंड आणि लाकूड उबदार लागतं असं आपण धरून चालतो, पण दोघं एकाच सावलीत असतील तर दोघांचं तापमान जवळपास सारखंच असतं, फरक इतकाच की दगड उष्णता लाकडापेक्षा कितीतरी जलद वाहून नेतो. आपल्या बोटाची कातडी असते साधारण ३२-३३ अंशांवर. हिवाळ्यात दगड बोटातली उष्णता भराभर ओढून घेतो म्हणून गार लागतो. मे महिन्यात जळगावात पारा ४४ च्या वर जातो तेव्हा सावलीतला काळा दगडसुद्धा कातडीपेक्षा गरम असतो, मग तोच दगड उलटी उष्णता बोटात भराभर ढकलतो आणि शेजारच्या लाकडापेक्षा जास्त तापलेला वाटतो. हे बोटांना कळलं की रंग निवडताना हात आपोआप थबकतो, दगड म्हणजे राखाडी हे गणित मोडतं. एका मुलीनं मे महिन्यातला दगड चक्क केशरी रंगवला, आणि मला तो बरोबर वाटला.

ही उष्णता मेंदूला कळते कशी, याचा धागा आपल्या नंदुरबारच्या मिरचीपर्यंत जातो. मिरचीतल्या कॅप्सेसिननं आग का होते हे शोधताना डेव्हिड ज्युलियस यांना मज्जातंतूवरचं एक प्रथिन सापडलं, जे मिरचीनं उघडतं आणि साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेनंही उघडतं. आर्डेम पटापुटियन यांनी दाबानं उघडणारी पिएझो नावाची प्रथिनं शोधली. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं.

डोळ्यांशिवाय कला होते का, असं कुणी विचारलं तर मी चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जींचं नाव घेतो. १९५६-५७ च्या सुमारास त्यांची दृष्टी गेली, त्यानंतरही ते कागद कापून कोलाज करत राहिले, मूर्ती घडवत राहिले, शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी मोठं भित्तिचित्रही केलं.

हात लावा म्हणतो तेव्हा काय लावू नका हेही आधी सांगावंच लागतं. खाजकुहिलीच्या शेंगेची लव, बिब्ब्याचा चीक, शेराचा चीक यांच्यापासून लांबच राहायचं, आणि दगड आधी काठीनं उलटायचा, खाली विंचू असतो. अभयारण्यात साल सोलायची नाही, पान तोडायचं नाही, कागद खोडावर धरून वरून खडू घासला की पोत अलगद उतरतो, तेवढं पुरतं.

पानं तोडायची हौस आम्ही गावात परत आल्यावर बांधावरच्या सागावर भागवतो, तेही मालकाला विचारून. जून पान वरून पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागतं, मुलांना त्याचं फार अप्रूप. आणि कोवळं पान बोटांत चुरगाळलं की लालभडक रंग सुटतो. मागच्या पावसाळ्यात एका पोरानं ती लाल बोटं तशीच कागदावर टेकवली, मग काळ्या मातीत बुडवून पुन्हा टेकवली, आणि दुपारपर्यंत पेन्सिलला हातच लावला नाही.