ॲश वाचवायचा, पण नेमका कुठला?

कोकणातला बागायतदार आंब्याच्या बुंध्याशी पडलेला भुसा पाहिला की भिरूड लागल्याचं ओळखतो. भोकात तार घालून अळी ओढून काढता येते, औषधाचा बोळा कोंबून भोक लिंपता येतं. उत्तर अमेरिकेतल्या ॲश वृक्षाच्या बाबतीत ही सोय नाही. त्याला पोखरणारी अळी भुसा बाहेर टाकतच नाही; सालीखालच्या नागमोडी बोगद्यात ती तो मागच्या मागे दाबून भरत जाते. सालीवर तीन-चार मिलिमीटरचं, एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं गोल असं भोक दिसतं तोवर आतला भुंगेरा उडून गेलेला असतो. सुरुवातीची भोकं तर पार शेंड्याकडे असतात, जमिनीवर उभ्या माणसाला ती दिसणार कशी? पुष्कळदा पहिली बातमी सुतारपक्षी देतात. अळ्यांसाठी ते साल खरवडतात आणि खोडावर फिकट चट्टे उमटतात.

या भुंगेऱ्याचं नाव एमराल्ड ॲश बोरर. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, रंग पाचूसारखा हिरवा, पंख उघडले की खाली तांबूस पाठ. मूळ गाव ईशान्य आशिया, म्हणजे चीन, कोरिया, रशियाचा अतिपूर्व भाग. अमेरिकेत तो २००२ साली मिशिगनमधल्या डेट्रॉइटजवळ ओळखला गेला आणि त्याच वर्षी नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरमध्येही सापडला. मेलेल्या झाडांची वार्षिक वलयं तपासल्यावर लक्षात आलं, की पाहुणा १९९०च्या दशकातच येऊन बसला होता. मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा, असा अंदाज आहे. आज तो अमेरिकेच्या ३०हून अधिक राज्यांत आहे आणि मेलेल्या झाडांची गणती कोटींत करावी लागते.

ॲश आपल्याला अगदीच परका नाही. मोगरा, जाई-जुई आणि पारिजातक ज्या कुळातले, त्याच कुळातला हा वृक्ष. हिमालयातल्या त्याच्या भावंडाला गढवालात अंगू म्हणतात. १९७३ साली गावकऱ्यांना शेतीच्या अवजारांसाठी अंगू नाकारला गेला आणि खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीला तोडायला दिला गेला. ‘चिपको’ची पहिली ठिणगी पडली ती याच झाडावरून. हलकं पण चिवट लाकूड, त्यामुळे त्याची मागणी तिकडेही तशीच: बेसबॉलच्या बॅटी, अवजारांचे दांडे आणि मूळ अमेरिकन जमातींच्या काळ्या ॲशच्या टोपल्या.

मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी साल भेदून आत शिरते आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली नेणाऱ्या रसवाहिन्यांवर ताव मारते. एक-दोन अळ्यांनी झाडाचं काही बिघडत नाही. शेकडो झाल्या की त्यांचे बोगदे एकमेकांना मिळतात, खोडाभोवती जणू पट्टा कापला जातो आणि झाड दोन-चार वर्षांत संपतं. आशियातला मांचुरियन ॲश या किड्याबरोबरच वाढलेला असल्यामुळे निरोगी असला तर त्याला पुरून उरतो. तिथं बळी जातात ती दुष्काळानं खंगलेली झाडं. अमेरिकन ॲशला अशी ओळखच नव्हती. २०१७ साली तिथल्या ॲशच्या पाच प्रमुख जाती जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरल्या.

शहरांमधल्या हानीला माणसाचाही हातभार आहे. डच एल्म या बुरशीच्या रोगानं रस्त्यांकडेचे एल्म वृक्ष मेले, तेव्हा महापालिकांनी त्यांच्या जागी ओळीनं ॲश लावले. एक जात गेली म्हणून दुसरी एकच जात लावायची, हा शहाणपणा मला तरी अजून उमगलेला नाही.

आता उपाय. झाडात औषध टोचता येतं. बुंध्याला ड्रिलनं बारीक भोकं पाडून दाबानं इमामेक्टिन बेन्झोएट सोडतात. मक्यावरच्या लष्करी अळीशी झुंजलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे नाव सांगायला नको. इथं मात्र ते फवारत नाहीत. मुळांकडून वर जाणाऱ्या पाण्याबरोबर ते खोडभर आणि पानांत पोचतं. सालीखालची अळी मरतेच, शिवाय अंडी घालण्याआधी पानं खाऊन पोसणारा भुंगेराही मरतो. एका वेळच्या टोचणीनं दोन ते तीन वर्षं निभावतात. कॅनडात टोरांटोसारख्या शहरांनी ॲझाडिरॅक्टिन वापरलं. हे आपल्या निंबोळीतलंच द्रव्य. ते अळीला कात टाकू देत नाही आणि पानांतून भुंगेऱ्याच्या पोटात गेलं तर त्याची अंडी नीट उबत नाहीत. ते साधारण दर दोन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं.

पण औषध वर पोचायला झाडातले मार्ग शाबूत हवेत. अळ्या रसवाहिन्यांबरोबर लगतचं बाहेरचं लाकूडही खरवडतात आणि पाणी त्यातूनच वर चढतं. म्हणून पर्णसंभार सुमारे तीस टक्क्यांहून अधिक विरळ झाला असेल, तर बहुतेक जाणकार टोचणीचा खर्च न करण्याचा सल्ला देतात. मालकाला नेमकी याच वेळी झाडाची काळजी वाटू लागते, ही यातली अडचण. झाड हिरवंगार दिसत असतानाच पैसे मोजायचे आणि पुढे मोजतच राहायचे. अंगणातल्या जुन्या सावलीसाठी, शाळेसमोरच्या झाडासाठी हे परवडतं. रस्त्यावरची झाडं वाचवण्यामागे आरोग्याचंही कारण असू शकतं. १५ राज्यांतल्या आकडेवारीवर बेतलेल्या २०१३च्या एका अभ्यासात ॲश मेलेल्या जिल्ह्यांत हृदयविकार आणि श्वसनविकारांनी झालेले मृत्यू वाढलेले आढळले. एकाचं कारण दुसरं, असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी ही नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही.

जंगलात मात्र कोट्यवधी झाडांना ड्रिल घेऊन कोण फिरणार? तिथं आधी नाकाबंदी करून पाहिली. सरपण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात नेऊ नका, हा संदेश शिबिरांच्या जागांवर गाजला. भुंगेरा स्वतः उडून फार दूर जात नाही. त्याला लांब पोचवते ती शेकोटीसाठी गाडीत टाकलेली मोळी. तरी किडा पसरत राहिला आणि जानेवारी २०२१मध्ये अमेरिकी सरकारनं ॲशच्या लाकडाच्या वाहतुकीवरची देशव्यापी बंधनं उठवली. तो पैसा आणि मनुष्यबळ जैविक नियंत्रणाकडे वळवलं.

जैविक नियंत्रण म्हणजे किड्याच्या मूळ गावी जाऊन त्याचे वैरी शोधायचे. चीनमध्ये तीन इवल्या परजीवी गांधीलमाश्या सापडल्या. त्या इतर किड्यांच्या वाटेला जातात का, याच्या चाचण्या झाल्या आणि २००७पासून मिशिगनमध्ये त्या सोडल्या गेल्या. रशियातून आणलेली चौथी २०१५पासून सोडतात. माणसाला यातली एकही डसत नाही. ऊबियस ही त्यातली सर्वांत लहान, मिलिमीटरभराची. ती भुंगेऱ्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालते आणि तिला नराची गरजही नसते. उसाच्या फडात ट्रायकोकार्ड, म्हणजे अशीच परजीवी माशी आत वाढत असलेल्या अंड्यांचं कार्ड, लावणाऱ्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. इथं कार्डाऐवजी औषधाच्या गोळ्यांच्या बाटलीएवढी जाळीदार डबी खोडाला टांगतात आणि पिलं आपापली बाहेर पडतात.

दुसरी, टेट्रास्टिकस, सालीतून सोंड खुपसून थेट अळीत अंडी घालते. पण तिची सोंड तोकडी आहे. तरुण झाडाची पातळ साल ती भेदते, मोठ्या झाडाच्या जाड सालीपुढे हात टेकते. रशियन गांधीलमाशी आणली ती म्हणूनच. तिची सोंड लांब आहे. सगळ्या कार्यक्रमाच्या यशापयशाचं गणित असं काही मिलिमीटरांवर येऊन ठेपतं. मिशिगनमध्ये पहिली लाट ओसरल्यावर उगवलेल्या ॲशच्या पोरवयीन झाडांना टेट्रास्टिकसनं चांगलं संरक्षण दिल्याचं दिसतं. उंच, जुने ॲश तिला वाचवता आले नाहीत, आणि ते तिचं काम होतं असंही म्हणता येणार नाही.

एका स्थानिक गांधीलमाशीचा वेगळाच उपयोग होतो. सर्सेरिस नावाची ही माशी मोकळ्या वाळूत बीळ करते, त्यामुळे बेसबॉलची मैदानं तिला फार आवडतात. पिलांसाठी ती याच गटातले भुंगेरे धरून आणते. हौशी मंडळी बिळाशी बसून तिची शिकार तपासतात. किडा नव्या भागात आल्याचा सुगावा माणसाच्या सापळ्यांआधी तिच्याकडून लागू शकतो. ज्या खेळाच्या बॅटी ॲशच्या, त्याच्या मैदानावर ही पाहणी चालते, याची मला गंमत वाटते.

तिसरी वाट सर्वांत संथ आहे. साथ येऊन गेलेल्या जंगलात जवळजवळ सगळे मोठे ॲश मेल्यावरही एखादा उभा दिसतो. बहुतेकांचा तो निव्वळ योगायोग असतो, पण काहींच्या सालीखाली अळ्या मेलेल्या सापडतात. ओहायोतल्या डेलावेअर इथं अमेरिकी वनसेवेचे शास्त्रज्ञ अशा झाडांच्या फांद्यांची कलमं करतात, त्या कलमांवर मोजून अंडी ठेवतात आणि किती अळ्या तगल्या ते साल सोलून पाहतात. जी कलमं टिकतात त्यांचा एकमेकांशी संकर होतो. संततीतली काही रोपं आई-बापापेक्षाही काटक निघाली आहेत. ॲशला बी धरायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे पुढच्या पिढीची परीक्षा घेणारे कदाचित आज शाळेत असतील. तोवर जंगलातली रोपं गांधीलमाश्यांच्या भरवशावर आहेत, आणि रस्त्याकडेच्या निवडक झाडांना दर दोन-तीन वर्षांनी सुई टोचून घ्यावी लागणार आहे.