दुकानाचा फोन कुठल्या बुट्टीत?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गूळ पेढीवर काळा फोन असायचा आणि त्याच्या डायलला बारकं कुलूप. ऐंशीच्या दशकात त्या पेठेत वावरलेल्या कुणालाही ते आठवत असेल. प्रत्येक लोकल कॉल मीटरवर पडायचा, म्हणून किल्ली दिवाणजीच्या खिशात. गुजरातच्या व्यापाऱ्याला भाव कळवायचा तर ट्रंक कॉल, म्हणजे एक्स्चेंजमार्फत जोडून मिळणारा परगावचा कॉल, बुक करून बसायचं. घाई असली तर अर्जंट, अगदीच अडलं तर लाइटनिंग, आणि त्याला साध्या कॉलच्या आठपट पैसे. सौद्याची वेळ टळण्यापेक्षा ते परवडायचं.

ते परवडायचं, म्हणूनच ते मागितलं जायचं. धंद्याच्या फोनचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. ज्याला फोनचा उपयोग जास्त, त्याच्याकडून पैसे जास्त, हा हिशेब जगभर चालत आला. अमेरिकेत घराच्या लाइनपेक्षा दुकानाची लाइन उघडपणे महाग असायची आणि त्यातून घराचं भाडं कमी ठेवलं जायचं. आपल्याकडे एक्स्चेंज किती लाइनचं आहे त्यावर भाडं ठरायचं, आणि कॉल वाढत गेले की पुढच्या टप्प्याचा दर चढायचा, लाइट बिलासारखा. बिलावर ‘व्यापारी’ असा शब्द नसला तरी वरच्या टप्प्यात जाऊन बसायचे ते पेढीवाले, उद्यमनगरातले फाउंड्रीवाले आणि इचलकरंजीचे सूत व्यापारी.

फोन कंपनी एकटीच असते तेव्हा तिचे दर कुणीतरी बांधावे लागतात. जुनी पद्धत अशी: कंपनीने खर्च दाखवायचा, गुंतवणुकीवर ठरावीक टक्के परतावा जोडायचा, त्यातून दर निघायचा. यातली खोट ॲव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये मांडली. परतावा गुंतवणुकीवर मिळणार असेल तर कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल गुंतवते आणि काटकसर कुणीच करत नाही.

ब्रिटिश टेलिकॉम या सरकारी फोन कंपनीचं खासगीकरण व्हायचं होतं, तेव्हा 1983 मध्ये अर्थशास्त्रज्ञ स्टीफन लिटलचाइल्ड यांनी दुसरा मार्ग सुचवला. कंपनीचा नफा मोजत बसू नका, किमतीला छत घाला. किरकोळ महागाई जितकी वाढेल, त्यातून ‘एक्स’ टक्के वजा करा. सरासरी दरवाढ त्यापुढे जाता कामा नये. काटकसर करून कंपनीने त्यापेक्षा खर्च कमी केला तर उरलेला पैसा तिचा. 1984 मध्ये हा एक्स 3 होता. पुढे तो 4.5, मग 6.25 आणि 1993 मध्ये 7.5 झाला. तंत्र स्वस्त होत गेलं तसं छत खाली आलं.

चर्चा बहुतेक वेळा या एक्सवरच होते. मला मात्र दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: छत सरासरीला असतं, आणि सरासरी कशाकशाची काढायची हे बुट्टीवर ठरतं. बुट्टी म्हणजे एकत्र मोजायच्या सेवांचा गट; दर बांधणाऱ्या नियामकांच्या भाषेत तिला बास्केट म्हणतात. समजा कंपनीच्या शंभर रुपयांच्या उत्पन्नात 40 रुपये घरांचे, 20 दुकानांचे आणि 40 मोठ्या गिऱ्हाइकांचे. यंदा सरासरी दर वाढवायचा नाही असं बंधन आहे. कंपनीने दुकानांचा दर 10 टक्के वाढवला: 2 रुपये आले. मोठ्या गिऱ्हाइकांचा 5 टक्के उतरवला: 2 रुपये गेले. सरासरी जागच्या जागी, नियम पाळला गेला, आणि दुकानदार दहा टक्के जास्त भरतो आहे. मोठ्या गिऱ्हाइकाला दुसरी कंपनी बोलावत असते, त्याला सांभाळावंच लागतं. कोपऱ्यावरचा दुकानदार कुठे जाणार? गुळाचे चांगले आणि हिणकस रवे, म्हणजे ढेपा, एकत्र मांडून एक सरासरी भाव काढला तर नुकसान कुणाचं होतं, हे गूळ सौद्यात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून पुढचा सगळा इतिहास बुट्ट्या वेगळ्या करण्याचा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने 1989 मध्ये एटी अँड टी या फोन कंपनीच्या लांब पल्ल्याच्या सेवांना छत घातलं तेव्हा घरं आणि छोटे धंदे एका बुट्टीत ठेवले, मोठ्या धंद्यांच्या सेवा वेगळ्या. हा निर्णय मला फार समजूतदार वाटतो. किराणा दुकान हे फोनच्या बाबतीत कारखान्यापेक्षा घरालाच जवळचं. कॅनडात 1998 पासून स्थानिक सेवांवर छत आलं, वजावट म्हणजे एक्स 4.5 टक्के. तिथे घरगुती लाइन, धंद्याच्या लाइन आणि उरलेल्या सेवा अशा तीन पोटबुट्ट्या केल्या. 2002 मध्ये वजावट 3.5 वर आली. ब्रिटनने 1997 मध्ये उलट बाजूने विचार केला आणि कमी बिल भरणाऱ्या 80 टक्के घरांवरच छताचा रोख ठेवला.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. 1997 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झालं आणि 1999 मध्ये त्याचा पहिला मोठा दर आदेश आला. त्यात महागाईचं सूत्र बसवण्यापेक्षा थेट दरच ठरवले. प्राधिकरणाचं प्रमाण पॅकेज प्रत्येक कंपनीने द्यायचंच, त्याशिवाय पर्यायी पॅकेज हवी तर काढायची. दिशा अशी की एसटीडी, म्हणजे परगावचा थेट कॉल, स्वस्त व्हावी आणि भाडं खर्चाच्या जवळ जावं, कारण तोवर लांबच्या कॉलचा पैसा स्थानिक फोनचा तोटा भरून काढत होता. गुजरातशी रोज बोलणाऱ्या पेढीला यात सरळ फायदा. ज्याचं बोलणं गावातल्या गावात, लक्ष्मीपुरी ते राजारामपुरी एवढंच, त्याच्या वाट्याला ती स्वस्ताई फारशी आली नाही, भाडं मात्र होतंच.

ऑक्टोबर 2000 मध्ये कोल्हापूरचे फोन सरकारी खात्याकडून बीएसएनएलकडे गेले. 2003 पासून स्थानिक सेवेचा तोटा भरून देण्यासाठी इतर कंपन्यांकडून वेगळा आकार घेतला जाऊ लागला. 2008 मध्ये तो बंद झाला. दरम्यान मोबाइलची स्पर्धा एवढी वाढली की प्राधिकरणाने बहुतेक दर कंपन्यांवर सोपवले. बांधून ठेवलेल्या मोजक्या दरांत ग्रामीण भागातल्या लँडलाइनचा दर राहिला. म्हणजे आपल्याकडे बुट्टी ठरली ती गावावरून, धंद्यावरून नव्हे: करवीर तालुक्यातल्या खेड्यातलं किराणा दुकान छताखाली, आणि तेवढ्याच गल्ल्याचं लक्ष्मीपुरीतलं दुकान बाहेर.