‘एक वर्ष’ म्हणजे नक्की किती? बेसबॉलच्या हिवाळी बाजाराची पार्श्वभूमी

अमेरिकेत बेसबॉलची मैदानं नोव्हेंबरात ओस पडतात आणि मग चाहत्यांचा दुसरा हंगाम सुरू होतो: कोण कुठे चालला, किती घेऊन, कुणाच्या बदल्यात. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघाने जपानी खेळाडूला १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलर कबूल केले. त्यातले ६८ कोटी द्यायचे थेट २०३४ ते २०४३ मध्ये. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका संघाने त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाचा फलंदाज १५ वर्षांसाठी ७६.५ कोटींना उचलला. इथे आयपीएलसारखा लिलाव नाही. जुन्या संघाच्या करारातून मुक्त झालेला खेळाडू आणि त्याचा एजंट दारात आलेल्या संघांमधून निवड करतात.

ही निवड करण्याचा हक्क खेळाडूला जवळपास शंभर वर्षं नव्हता. खेळाडू राखून ठेवण्याची पद्धत १८७९ पासूनची. पुढे ती छापील करारात आली. नव्या करारावर खेळाडूने सही केली नाही, तर मालकाला जुनाच करार त्याच अटींवर ‘एका वर्षासाठी’ वाढवता येई. सगळी भानगड या दोन शब्दांत होती. मालक म्हणत, ‘त्याच अटी’ म्हटल्यावर वाढवण्याचं हे कलमही त्यात आलंच. म्हणजे वर्ष संपलं की पुन्हा वाढवा, मग पुन्हा. अकरा महिन्यांचा भाडेकरार करून ‘याच अटींवर पुढे चालू’ एवढ्या ओळीवर भाडेकरूने जन्मभर जागा अडवावी, तसला प्रकार. इथे जागेच्या ठिकाणी माणूस होता.

सेंट लुईसच्या एका मध्यक्षेत्ररक्षकाला ऑक्टोबर १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला धाडलं गेलं. त्याचा पगार तेव्हा ९० हजार डॉलर होता. तो गेला नाही, कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयात १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. मक्तेदारीविरोधी कायद्यातून बेसबॉलला १९२२ पासून मिळालेली सूट विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण ती काढायची तर संसदेने काढावी, असं सांगून हात झटकले.

कोर्टाला जमलं नाही ते लवादाने केलं. १९७५ मध्ये लॉस एंजेलिस आणि माँट्रियलच्या एकेका पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, नव्या करारावर सहीच केली नाही. माँट्रियलचा तर जूनमध्येच घरी निघून गेला होता. हंगाम संपल्यावर दोघांनी विचारलं, आमचं वर्ष झालं, आता आम्ही कुणाचे? २३ डिसेंबरला तीन जणांच्या लवादाने २ विरुद्ध १ मतांनी सांगितलं: कुणाचेच नाही. एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी निर्णायक मत देणाऱ्या लवादातल्या तटस्थ सदस्याला लगेच कामावरून काढलं आणि ते अपिलात गेले, तिथेही हरले. कराराचा अर्थ इतकी वर्षं दोन्ही बाजूंना ठाऊक होता, लवादाने तो परस्पर बदलला, असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. अर्थ ठाऊक असणं वेगळं आणि तो कागदावर असणं वेगळं.

गंमत पुढे आहे. ओकलंडचा मालक म्हणाला, सगळ्यांनाच दर वर्षी मोकळं करा. बाकीच्या मालकांनी त्याला वेड्यात काढलं, पण खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मनातून धास्तावला होता. दर हिवाळ्यात शेकडो खेळाडू बाजारात आले तर भाव पडणारच. कांदा उत्पादकाला हे सांगावं लागत नाही. म्हणून १९७६ च्या समझोत्यात मुक्त होण्यासाठी सहा वर्षांच्या सेवेची अट आली आणि ती दोन्ही बाजूंना सोयीची होती. त्या वर्षी सरासरी पगार ५० हजार डॉलरच्या आसपास होता. १९८० मध्ये तो १ लाख ४० हजारांवर गेला. १९८५ ते १९८७ मध्ये मालकांनी संगनमताने मुक्त खेळाडूंवर बोली लावायचंच टाळलं. ते २८ कोटी डॉलरच्या भरपाईला पडलं.

सहा वर्षं ठरली, पण ‘वर्ष’ पुन्हा अडकलंच. नियमाने १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. २०१५ मध्ये शिकागोने आपल्या गुणी नवोदित तिसऱ्या बेसवाल्याला हंगामाच्या सुरुवातीला दुय्यम लीगमध्ये बसवून ठेवलं, क्षेत्ररक्षण अजून कच्चं आहे म्हणून. काही दिवसांत ते बहुधा पक्कं झालं, कारण त्याला वर बोलावलं गेलं. हंगामअखेर त्याचे दिवस भरले १७१. तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, पण मुक्ती एक वर्ष लांबली. त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. अखेर २०२१ च्या हंगामानंतर तो मोकळा झाला आणि डिसेंबर उजाडताच मालकांनी टाळेबंदी पुकारली, म्हणजे खेळाडूंशी सगळे व्यवहार थांबवले. ती ९९ दिवस चालली. मार्च २०२२ मध्ये बाजार उघडल्यावर त्याने कोलोरॅडोशी सात वर्षांचा १८.२ कोटी डॉलरचा करार केला.